टॉवेल टाकलेली खुर्ची

(वाचकांची पत्रं आणि उत्तरं. उत्तरं देणारे ३२ वर्षं महसूल खात्यात काढून २०१८ साली निवृत्त झाले.)

"आदरणीय सर, वय २९, बी.एस्सी. अ‍ॅग्री. गाव करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याजवळ. पाच वर्षं झाली, पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेचा अभ्यास करतोय. दोनदा पूर्व निघाली, मुख्य एकदा नऊ मार्कांनी गेली. आता मुख्य परीक्षा बहुपर्यायी जाऊन वर्णनात्मक झाली, म्हणजे परत पहिल्यापासून. चुलतभावानं केळीचं पॅकहाऊस टाकलंय, तो म्हणतो ये. वडील म्हणतात, एवढी वर्षं घालवली, आता माघारी येऊन लोकांना काय सांगायचं? गेल्या महिन्यात रूममेटची पोस्ट निघाली. त्याच्या गावात उघड्या जीपमधून मिरवणूक, गुलाल, फ्लेक्स. मीही नाचलो. रात्री झोप लागेना. मला अधिकारी व्हायचंय, की मला फक्त ती जीप पाहिजे? हे ओळखायचं कसं?" – एक वाचक, पुणे

वयानं तू माझ्या धाकट्या मुलापेक्षा लहान आहेस, म्हणून सरळ अरे-तुरे करतो. राग मानू नकोस.

इथं पत्र थोडक्यात छापलंय, मूळ सात पानी आहे. मी ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. अर्ज आला की खाली रेघा मारायच्या, ही कचेरीतली खोड अजून गेलेली नाही. 'लोक' हा शब्द अकरा वेळा आलाय. 'कटऑफ' सात वेळा. 'वडील' सहा वेळा. आणि तहसीलदार किंवा बीडीओ, म्हणजे गटविकास अधिकारी, सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत नेमकं काय करतो, यावर सात पानांत एक ओळ नाही. उलट केळीवर दीड पान. १३ किलोचा बॉक्स, शीतगृहात १३ अंशांच्या आसपास धरलेलं तापमान, फणीला डाग पडला की आखातातला व्यापारी माल कसा मागे टाकतो, हे सगळं तू चुलतभावाची तक्रार सांगता सांगता लिहून गेलास.

आता लगेच उडी मारू नकोस. यावरून तुझा जीव केळीत आहे, असं मी म्हणत नाही. केळी तू डोळ्यांनी पाहिलीयेस आणि कचेरी पाहिलेली नाहीस, एवढंच यातून कळतं. ज्या कामासाठी पाच वर्षं दिलीस ते काम तू पाहिलेलंच नाहीस. यात एकट्या तुझा दोष नाही. नवी पेठेत कुठल्याही अभ्यासिकेत जाऊन विचार, फेरफाराची नोंद कशी होते? कलम क्रमांकासकट उत्तर मिळेल. ती नोंद अडली म्हणून चौथ्यांदा हेलपाटा घालणाऱ्या म्हाताऱ्याशी काय बोलायचं, हे विचार. सगळे एकमेकांकडे बघतील.

माझं सांगतो. मी काही फार उदात्त हेतूनं या खात्यात आलेलो नाही.

१९७२ च्या दुष्काळात आमचे वडील पाझर तलावाच्या कामावर जायचे. मी तेव्हा बारा वर्षांचा. हजेरीपटावर त्यांचं नाव चुकीचं लागलं आणि मजुरी अडकली. त्यासाठी ते तालुक्याच्या कचेरीत तीन दिवस गेले, तिसऱ्या दिवशी मला बरोबर नेलं. आतल्या भाऊसाहेबानं त्यांच्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. वडील पायताण बाहेर काढून उभे. त्या माणसाच्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेला होता. माझ्या ध्यानात राहिला तो टॉवेल. त्या दिवशी ठरवलं, या खुर्चीत बसायचं. पुढं चौदा वर्षं मी त्या टॉवेलवर अभ्यास केला, असं म्हटलं तरी चालेल. कंदिलाच्या उजेडात झोप आली की मला ते पायताण आठवायचं आणि झोप उडायची. १९८६ साली नायब तहसीलदार झालो. खुर्ची मिळाली. टॉवेल शिपायानं आपण होऊन आणून टाकला.

आणि सहा महिन्यांत माझ्या लक्षात आलं, की सकाळी उठून कचेरीत जायला माझ्याकडे कारणच उरलेलं नाही. ज्याला दाखवायचं होतं तो भाऊसाहेब कधीच निवृत्त झालेला. राग पुरला तो खुर्चीपर्यंत. खुर्चीत बसल्यावर करायचं काय, हे रागाला ठाऊक नव्हतं. त्याच सुमारास वडील एकदा कचेरीत आले. मी आत बोलावलं, चहा मागवला. त्यांनी बाहेरच्या बाकाकडे बघून विचारलं, "ही माणसं केव्हाधरनं बसल्यात रं?" मला सांगता आलं नाही. चहा मात्र त्यांनी घेतला.

मला खात्यात टिकवलं ते एका रस्त्याच्या भांडणानं. दोन चुलतभाऊ, मधे एक बांध. खालच्याची बैलगाडी वरच्याच्या रानातून जायची, ती वरच्यानं काटेरी फांद्या टाकून बंद केली. मामलतदार न्यायालय कायदा १९०६, कलम ५, अडवलेली वाट मोकळी करून देण्याचं. तू हे पाठ केलेलं असणार. तहसीलदारांनी मला स्थळपाहणीला पाठवलं. मे महिना, दुपारी बारा वाजता गावनकाशा हातात धरून मी बांधावर उभा. दोन्ही बाजू एकदम बोलतायत, बायका वेगळ्या बोलतायत, तलाठ्याला घाम फुटलाय. एका म्हाताऱ्या पंचानं मला हाताला धरून नेलं आणि बाभळीच्या खोडापाशी दगडावर चाकाची घासण दाखवली. पिढ्यान् पिढ्या गाड्या गेल्याशिवाय दगड असा घासत नाही. मी तो दगड मापला, नकाशावर खूण केली आणि रात्री जागून अहवाल लिहिला. कोणी सांगितलं नव्हतं इतका बारीक लिहायला. तो लिहिताना मला टॉवेल आठवला नाही, वडील आठवले नाहीत, मिरवणूक तर तेव्हा निघतच नसे. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मला सगळ्यात आवडलेलं काम तेच : रानात जाऊन उभं राहणं, नकाशा आणि माणूस यांतलं कोण खरं बोलतंय ते बघणं, आणि आदेश असा लिहिणं की हरलेल्यालाही तो कळावा. बाकीची निम्मी नोकरी मी केली, कारण ती केल्याशिवाय हे करू देत नाहीत. मंत्र्यांचे दौरे, व्हिडिओ कॉन्फरन्स, मतदारयाद्या, रात्री-अपरात्री वाळूच्या गाड्यांमागे धावणं. त्यात मला कधीही गोडी वाटली नाही आणि ते लपवायचं कारणही नाही.

तेव्हा तुझ्या प्रश्नाची मी जरा फोड करतो. जीप पाहिजे असं वाटण्यात पाप नाही. मलाही टॉवेल पाहिजेच होता. पण जीप फार तर दुपारभर चालते. दुसऱ्या दिवशी रुजू व्हायचं असतं, कदाचित गडचिरोलीत, आणि साधारण तीन वर्षांनी बदलीचा कागद येतो. गाडीवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून गेले. तेव्हा क्लासच्या जाहिरातींतले दिवे काढायला किती दिवस लागले, ते मी स्वतः शास्त्री रस्त्यावर पाहिलंय. ज्यांची सगळी जिद्द त्या दिव्याभोवती होती, त्यांनी त्या वर्षी काय केलं असेल, हा विचार माझ्या मनात अजून येतो.

आमची सूनबाई कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं, तर तिनं एक अभ्यास सांगितला. अमेरिकेत वेस्ट पॉइंटला लष्करी अधिकारी तयार करणारी अकादमी आहे. तिथं दाखल झालेल्या ११ हजारांहून जास्त तरुणांना, तुम्ही इथं का आलात, असं सुरुवातीला विचारलेलं होतं. पुढं अनेक वर्षं त्यांचं काय झालं ते तपासून येल विद्यापीठातल्या एमी व्रेझनेव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली निष्कर्ष छापले. चांगला अधिकारी व्हायचंय, हे काम करायचंय म्हणून आलेले जास्त टिकले, हे अपेक्षितच. गंमत पुढंच आहे. कामाची ओढही जबर आणि पुढं चांगली नोकरी मिळेल, पैसा मिळेल ही ओढही जबर, अशांना खरं तर दुप्पट बळ मिळायला हवं होतं. तसं झालं नाही. ते नुसत्या कामाच्या ओढीनं आलेल्यांपेक्षा मागे पडले.

मी सूनबाईला म्हटलं, हे मला अर्धंच पटतं. ज्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू आणि बहिणीचं लग्न व्हायचंय, त्याला पगाराचा विचार बाजूला ठेव म्हणणं हा पोटभरल्या माणसाचा सल्ला झाला. पगार हे प्रामाणिक कारण आहे. फक्त त्याला पगारच म्हणावं, 'समाजसेवा' म्हणू नये. मुलाखतीत म्हणायचं तर म्हण, तिथं सगळेच म्हणतात. स्वतःशी म्हणू नकोस. आणि कारण पगार हेच असेल तर मग हिशेब पगारासारखाच कर : पॅकहाऊसमध्ये किती, कृषी सहायकाच्या (आता सहायक कृषी अधिकारी म्हणतात) भरतीत काय संधी, बँकेच्या कृषी अधिकाऱ्याच्या परीक्षेला वयाची मर्यादा किती. त्या हिशेबात राज्यसेवा अव्वल येईलच असं नाही.

करायचं काय, ते सांगतो. गावी जा आणि तीन दिवस करमाळ्याच्या तहसील कचेरीत बाहेरच्या बाकावर बस. एक दिवस सोमवार घे, गर्दीचा. कोणाची ओळख काढू नकोस, वशिला लावून साहेबांच्या केबिनमध्ये तर मुळीच बसू नकोस, तिथं चहा मिळतो आणि काही दिसत नाही. दाखल्यांच्या खिडकीपाशी बस. निराधार योजनेच्या म्हाताऱ्या येतील त्यांच्याशी बोल. सुनावणीचा वार विचारून घे आणि मागं उभा राहून ऐक. मग संध्याकाळी एवढंच लिहून काढ, की आज जे पाहिलं त्यातलं कोणतं काम उद्या परत करायला मी आपण होऊन आलो असतो. एकही नाही, असं उत्तर आलं तर तेही लिही. असंच तीन दिवस पॅकहाऊसमध्ये काढ. तिथंही चुलतभावाचा पाहुणा म्हणून नको, फणी धुवायला उभा राहा.

आणि पाच वर्षं वाया जातील, या भीतीचं काय? ती वर्षं गेली. राहिलास तरी गेली, आलास तरी गेली. खुल्या गटाला वय ३८ पर्यंत चालतं म्हणून अजून नऊ वर्षं आहेत, असं तू लिहिलंयस. हीच ओळ मला सगळ्यात जास्त खटकली. कायद्यानं दिलेली मुदत आणि आपल्याकडची मुदत यांत फरक असतो, आणि हे महसूल खात्यातल्या माणसानं सांगावं म्हणजे बघ. लेखी आता १७५० गुणांची आहे, निबंध आहे, वैकल्पिक विषय आहे. तुझे सात पानी अक्षर आणि भाषा पाहता वर्णनात्मक पेपर तुला पर्यायांच्या गोळ्यांपेक्षा सोपा जाईल असं मला वाटतं. म्हणजे राहण्यात तोटाच आहे असंही नाही. पण राहायचं तर एक प्रयत्न, तारीख ठरवून, आणि ती तारीख वडिलांना आधी सांगून.

वडिलांचं मात्र मी हाताळू शकत नाही. ते 'लोकांना काय सांगायचं' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढं नेमका कोण माणूस असतो, ते एकदा विचार. बहुतेक एकच असतो. भावकीतला.

"मी ४१ वर्षांची. हिंजवडीत आयटी कंपनीत टेस्टिंगमध्ये १६ वर्षं. दर एप्रिलला फॉर्म येतो : पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता? मी दर वर्षी 'डिलिव्हरी मॅनेजर' लिहिते. खरं सांगायचं तर मला तिथं जायचं नाही. मला चुका शोधायला आवडतात, माणसं सांभाळायला नाही. गेल्या वर्षी माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा मॅनेजर झाला. वर चढायची इच्छा नसणं हा आळस आहे का?" – एक वाचक, पिंपळे सौदागर

ताई, फॉर्मात जे लिहायचं ते फॉर्मात लिहावं. आमच्याकडं गोपनीय अहवालात स्वयंमूल्यनिर्धारण लिहावं लागे. ते वाचलं असतं तर महाराष्ट्रात एकही प्रलंबित प्रकरण नाही असंच कोणालाही वाटलं असतं. त्या रकान्याला स्वतःचं ध्येय समजायची चूक तेवढी करू नका.

आमच्या एका तालुक्याला अभिलेख कक्षात एक अव्वल कारकून होते. नायब तहसीलदाराची पदोन्नती आली, त्यांनी लेखी नकार दिला. कचेरीत दोन मतं झाली : एक, तिथं वरकमाई असणार, आणि दोन, माणूस वेडा आहे. दोन्ही चूक. त्या कोंदट खोलीत १९३० सालचा फेरफार मागितला तर ते वीस मिनिटांत दप्तर बांधायच्या रुमालातून सोडून टेबलावर ठेवत, आणि ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे असायचं ते मला कुठल्याही प्रांताधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. त्यांना आळशी म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

पण एक विचारतो, रागावू नका. 'गेल्या वर्षी माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा' हे वाक्य तुम्ही का लिहिलंत? प्रश्नाला त्याची गरज नव्हती. वर जायचं नाही, हे तुम्हाला त्याच्या आधीपासून वाटत होतं की त्यानंतर? आधीपासून असेल तर खुशाल चुका शोधा. नंतर असेल तर ही कोल्ह्याची द्राक्षं आहेत, आणि मग प्रश्न ध्येयाचा नाही, अपमानाचा आहे. अपमानाचं औषध वेगळं. तुमच्या वरिष्ठांसमोर बसून, मला का डावललं, हे विचारायचं आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्यायचं. मी माझ्या नोकरीत एकदाच विचारलं. उत्तर मला आवडलं नाही, पण त्या रात्री झोप लागली.

घराचे हप्ते किती वर्षं राहिलेत ते तुम्ही लिहिलं नाही. तुमच्या क्षेत्रात पन्नाशीतली टेस्टिंग करणारी बाई कंपनीत दिसते का, ते बघा आणि दिसली तर तिच्याबरोबर एकदा जेवायला बसा. तिथं माझा सल्ला चालणार नाही, तिचा चालेल.

"मुलगा अकरावीला, लातूरला क्लास लावलाय. नीटची तयारी. त्याला विचारलं की म्हणतो, काहीही चालेल. ध्येयच नाही. आम्ही दोघं रात्रंदिवस काळजीत. त्याला प्रेरणा मिळेल असं काही सुचवा." – एक आई, अहमदपूर

सोळाव्या वर्षी 'काहीही चालेल' म्हणणारा मुलगा बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. दमलेला असतो. पहाटेपासून क्लास, टेस्ट, रविवारी पुन्हा टेस्ट, त्यात घरून रोज फोनवर प्रेरणा. नवी प्रेरणा सुचवणार नाही, आहे तीच कमी करा.

त्याला ध्येय विचारू नका. दिवाळीत घरी आला की चार दिवस त्याला काहीही सांगू नका आणि न सांगता तो काय करतो ते बघा. मोबाइल बघेल, पहिले दोन दिवस तरी तेच करेल, ते सोडून द्या. तिसऱ्या दिवशी काय करतो ते मला लिहून कळवा. मोटारीचं स्टार्टर उघडतो, आजीच्या गोळ्यांची नावं वाचतो, का नुसता गच्चीवर पडून राहतो, जे असेल ते. आणि त्याच्या वडिलांना सांगा, की त्या चार दिवसांत डॉक्टर झालेल्या मावसभावाचं नाव घरात काढायचं नाही.